धातूच्या मुठीचा घडीचा चाकू कोणता घ्यावा, आणि ठेवावा कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: काटोलजवळ संत्र्याची बाग, घर नागपुरात, आठवड्यातले तीन दिवस बागेत. वर्षभरापूर्वी घेतलेल्या ॲल्युमिनियमच्या मुठीच्या घडीच्या चाकूचं पातं आता डुगडुगतंय, मुठीवर पांढरट चट्टे आलेत, खिशाला अडकवायची क्लिप स्क्रूसकट निघून आली. आता टायटॅनियमचा महागडा घ्यावा की स्टीलचाच बरा? आणि जवळ बाळगायचा कसा, रस्त्यात कुणी अडवलं तर?

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये 26 वर्षं डाय-पंच घडवले. घडीचे चाकू उघडून बघायचा नाद तिथेच लागला. आता तेच करतो. दुरुस्ती जास्त, नवं घडवणं कमी. तर भाऊ, तुमच्या चाकूला तीन आजार दिसतात, पण मूळ एकच आहे. मूठ म्हणजे नुसती पकडायची जागा, असं तो बनवणाऱ्यानं धरलं आणि वापरताना तुम्हीही तेच धरलं.

लाकडी मुठीच्या चाकूत लाकूड म्हणजे अंगावरचे कपडे. आत पितळेच्या नाहीतर लोखंडाच्या पट्ट्या असतात, सगळा भार त्या घेतात. वरचं लाकूड तडकलं तरी चाकू चालतो. मूठ धातूची केली की आतला सांगाडा काढून टाकता येतो, कारण मूठच सांगाडा होते. बिजागरीचा खिळा तीच धरते आणि काही चाकूंत उघडलेलं पातं मिटू न देणारं लॉकही तीच होते. त्यामुळे धातूची मूठ झिजली म्हणजे रंग उडाला एवढंच नसतं, यंत्राचा भाग झिजलेला असतो.

यातला सगळ्यात साधा चाकू जपानी. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा हिगोनोकामी. पितळी किंवा लोखंडी पत्रा पन्हाळीसारखा दुमडला की झाली मूठ. तोंडाशी एक रिव्हेट. पात्याला मागे छोटी शेपटी असते, उघडल्यावर तुमचा अंगठा त्या शेपटीवर दाबून बसतो. स्प्रिंग नाही, लॉक नाही, अंगठा हेच लॉक. जर्मनीतल्या झोलिंगेनचा मर्केटर के55के हाही दुमडलेल्या काळ्या पत्र्याचाच, वर उडी मारणारं मांजर उमटवलेलं, पण त्याला पाठीवर दाबायचा खटका आहे. दोन्ही इतके चपटे की शर्टाच्या खिशात ठेवले तर विसरायला होतं. आपल्याकडे धातूच्या मुठीचा चाकू म्हटलं की लोकांना पितळी मुठीचा रामपुरी आठवतो. त्याचं नाव सिनेमानं जितकं केलं तितकंच बदनामही केलं.

ॲल्युमिनियमचा खरा चांगला वापर स्विस लोकांनी केला. त्यांच्या सैनिकांना 1961 पासून मिळालेल्या चाकूची मूठ नक्षीदार ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची होती. तसेच 93 मिमीचे चाकू आजही व्हिक्टोरिनॉक्स विकते. बारकाईनं बघा: तिथे पातं धरून ठेवते ती पाठीची स्टीलची स्प्रिंग. ॲल्युमिनियमवर लॉकचा भारच टाकलेला नाही. म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतात. तुमच्या चाकूत तसं नाही, त्याकडे येतोच.

1964 साली आलेला बक 110 हा पाठीवर खटका असलेला अमेरिकन चाकू. मुठीच्या दोन्ही टोकांना पितळेचे जाड तुकडे, वजन जवळजवळ 200 ग्रॅम. खिशात टाकला तर पँट खाली ओढतो, म्हणून तो पहिल्यापासून पट्ट्यावरच्या चामडी म्यानातच फिरला. पुढे 1981 मध्ये अमेरिकेतल्या स्पायडरको कंपनीनं वर्कर नावाचा चाकू काढला. स्टेनलेसची मूठ, पात्याला अंगठ्यासाठी गोल भोक आणि मुठीवर क्लिप. खिशाच्या काठाला पेनासारखा चाकू अडकवायची पद्धत त्यानंतर रूढ झाली. वजन हलकं करणं आणि क्लिप लावणं ही जोडगोळी म्हणूनच समजा.

आता मुख्य गोष्ट, फ्रेम लॉक. 1980 च्या दशकात चाकू घडवणारे मायकेल वॉकर यांनी मुठीच्या आतल्या पातळ पट्टीचंच लॉक करायची रीत चांगली पक्की केली, तो लायनर लॉक. क्रिस रीव्ह या दुसऱ्या कारागिरानं पातळ पट्टी काढून टाकली आणि 3 ते 4 मिमी जाडीच्या टायटॅनियमच्या मुठीतूनच लॉक कापलं, तो फ्रेम लॉक. त्यांच्या चाकूचं नाव सेबेंझा, झुलू भाषेत त्याचा अर्थ काम. आज बाजारात टायटॅनियमचे जे चाकू दिसतात त्यांतले बरेचसे याच कुळातले.

काम कसं चालतं? मुठीच्या एका पट्टीला लांब चीर मारतात. चिरीमुळे सुटी झालेली जीभ आतल्या बाजूला वाकवून ठेवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती आपसूक पात्याच्या टाचेमागे, म्हणजे बिजागरीकडच्या टोकामागे, येऊन बसते. ही टाच सरळ उभी नसते, 7 ते 8 अंश तिरकी घासलेली असते. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकता ना, अगदी तसं. कोन जास्त झाला तर जीभ घसरते, कमी झाला तर अशी रुतून बसते की दोन अंगठे लावावे लागतात. जिभेच्या मुळाशी खाच घेऊन पट्टी साधारण 1 ते 1.3 मिमी पातळ करतात, कारण ती वाकायला हवी. जिभेच्या टोकाजवळ एक बारीक कडक गोळी दाबून बसवलेली असते. चाकू मिटला की ती पात्यातल्या बारीक खळग्यात बसते. मिटलेला चाकू खिशात मिटलेला राहतो तो एवढ्याशा गोळीच्या जोरावर, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

हेच ॲल्युमिनियमचं का करत नाहीत, असं मलाही वाटलं होतं. इतवारीच्या लोहा ओळीतून 4 मिमीची प्लेट आणली, चीर मारली, जीभ वाकवली, टाच मन लावून घासली. पहिले पंधरा दिवस चाकू झकास. दोनेक महिन्यांनी जीभ जिथे टाचेला टेकते तिथे चमकदार खळगा पडला. स्टील कडक, ॲल्युमिनियम मऊ, रोज थोडं थोडं दबत गेलं. जीभ दर आठवड्याला जरा पुढे सरकत होती, मला ते दिसत होतं, आणि मी "अजून बसते ना" म्हणत होतो. एक दिवस जुनी गॅस्केट खरवडताना ती टाचेवरून पलीकडे गेली आणि पातं तर्जनीवर मिटलं. चार टाके. शिवाय ॲल्युमिनियमला सतत वाकवत राहिलं की ताण कमी असला तरी ते कधीतरी थकून तुटतंच. स्टील आणि टायटॅनियम ठरावीक मर्यादेत ताण असेल तर ते सहन करत राहतात. म्हणून ॲल्युमिनियमच्या मुठीच्या चाकूत लॉक वेगळ्या स्टीलच्या तुकड्याचं हवं: आत स्टीलचा लायनर, पाठीचा खटका, नाहीतर बाजूनं सरकणारी दांडी. दुकानात बघताना जीभ ॲल्युमिनियमची दिसली तर चाकू परत ठेवून द्या.

टायटॅनियमलाही खोड आहे. ते स्टीलवर घासलं की चिकटतं, लॉक सोडताना कर्रर्र असा आवाज येतो. चांगले कारागीर जिभेच्या टोकाला स्टीलचा छोटा तुकडा स्क्रूनं बसवतात, म्हणजे स्टीलला स्टील भेटतं. तुकडा नसेल तर शिसपेन्सिल टाचेवर दोनदा फिरवा. तेल मात्र तिथे लावू नका. ती पाचर घर्षणावर धरलेली आहे, ते घर्षणच काढून घेतलं तर काय राहिलं? माझ्याकडे "लॉक सुटतं" म्हणून आलेल्या चाकूंत कितीतरी वेळा नुसतं तेल पुसून काम झालंय.

वजनाचा हिशेब सोपा आहे. 110 मिमी लांब, 25 मिमी रुंद, 3.5 मिमी जाड अशा दोन पट्ट्या धरा. ॲल्युमिनियमच्या 52 ग्रॅम होतील, टायटॅनियमच्या 85, स्टेनलेसच्या 150, पितळेच्या 160 च्या वर. भोकं पाडून, आतून कोरून हे कमी होतं, पण प्रमाण तेच राहतं. पात्याचं वजन वेगळंच.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलेला ॲल्युमिनियमचा चाकू उचलून बघा. त्यातून उष्णता टायटॅनियमच्या मिश्रधातूपेक्षा वीसेक पटीनं वेगात वाहते, म्हणून हाताला चटकन चटका बसतो. तितकंच तापलेलं टायटॅनियम सहन होतं. डिसेंबरच्या सकाळी उलटं, ॲल्युमिनियम बर्फासारखं लागतं. स्टेनलेस यात टायटॅनियमच्या जवळचं. घामाचंही बघा. गुळगुळीत पॉलिश केलेली मूठ शोकेसमध्ये छान दिसते, ओल्या हातात साबणासारखी निसटते. वाळूचा मारा करून खरखरीत केलेली किंवा खाचा पाडलेली घ्या, आणि कडा बोटानं चाचपा. धारदार कडेनं अर्ध्या तासात तळहाताला फोड येतो.

आता तुमचे पांढरे चट्टे. तुम्ही पाठवलेला फोटो बघितल्या बघितल्या मी विचारणार होतो, खर्रा (आपली सुपारी-तंबाखू-चुन्याची पुडी) कोणत्या खिशात ठेवता? नाराज होऊ नका, नागपूरच्या निम्म्या चाकूंची हीच कथा आहे. ॲल्युमिनियमवर रंगीत ॲनोडायझिंग असतं, म्हणजे विजेच्या मदतीनं वाढवलेला ऑक्साइडचा कडक थर. हा थर संत्र्या-लिंबाच्या रसाला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण अल्कलीपुढे विरघळतो. चुना म्हणजे अल्कलीच. खर्ऱ्याच्या पुडीतून निघालेला चुना, वर घाम, आणि दिवसभर खिशातली ऊब. माझ्याकडे आलेल्या एका निळ्या चाकूवर पुडीच्या घडीचा आकार जसाच्या तसा उमटला होता. धुण्याच्या सोड्यानं घासलं तरी असंच होतं.

बागेत दुसरा धोका बोर्डो पेस्टचा, म्हणजे बुरशी लागू नये म्हणून खोडाला लावतात त्या लेपाचा. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. चुना मुठीला खातो, आणि चुना कमी पडून मोरचूद मोकळं राहिलं असेल तर ते ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडतं. मिश्रण जमलं का ते बघायला आपले लोक लोखंडी पातं बुडवतात आणि तांब्याची लाली चढली तर आणखी चुना घालतात. पद्धत बरोबर आहे, पण त्यासाठी जुनं विळ्याचं पातं ठेवा. डिंक्या रोग झालेली साल खरवडल्यावर पात्याला जो डिंक लागतो तो वाळून बिजागरीत जातो आणि चाकू अर्धवट उघडून थांबतो. डिंक ओला असतानाच कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटनं पुसलं तर रोगही पसरत नाही आणि धातूही राहतो. हायपोक्लोराइट वापरत असाल तर लगेच साध्या पाण्यानं धुवा, ते स्टेनलेसलाही ठिपके पाडतं.

क्लिप का निघाली? ॲल्युमिनियममध्ये पाडलेल्या दोन मिलिमीटरच्या स्क्रूच्या आट्या फार ओढ सहन करत नाहीत. त्यात स्टीलचा स्क्रू, ॲल्युमिनियमची मूठ आणि मधे खारट घाम असला की दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो आणि आटीत पांढरी पूड साचते. पातं डुगडुगतंय त्याचं कारणही याच घरातलं: बिजागरीचा स्टीलचा खिळा थेट ॲल्युमिनियमच्या भोकात फिरत होता, भोक लांबट झालं. तिथे स्टीलचा लायनर किंवा ब्राँझचं बुश असतं तर हा प्रश्न तुम्ही विचारलाच नसता.

मग घ्यावा काय? तुमच्या कामाला मी टायटॅनियम म्हणणार नाही. मला स्वतःला तो धातू आवडतो, पण त्याचे पैसे वजन वाचवण्यासाठी द्यायचे असतात आणि तुम्हाला 60-70 ग्रॅमनं फरक पडत नाही. हरवला तर मात्र आठवडाभर जेवण जाणार नाही. स्टेनलेसची मूठ, पाठीचा खटका किंवा फ्रेम लॉक, पातं साडेसात-आठ सेंटिमीटर, स्टील 14सी28एन मिळालं तर उत्तम. ते गंजायला कंटाळा करतं आणि साध्या दगडावर धार घेतं. डी2 चं नाव मोठं आहे, धारही टिकते, पण ते पुरतं स्टेनलेस नाही, संत्र्याच्या रसानं रात्रीत डागाळतं. बिजागरीत बेअरिंग नको, फॉस्फर ब्राँझचे वॉशर मागा. बेअरिंगवर पातं टिचकीसरशी उघडतं, मित्रांना दाखवायला बरं, पण काळ्या मातीची धूळ आत गेली की ते दळण दळायला लागतं. डोळे भरायचं, म्हणजे कलम बांधायचं, काम करत असाल तर त्यासाठी कलमाचा चाकू वेगळाच ठेवा. त्याच चाकूनं सल (वाळलेली फांदी) कापायची आणि त्याच धारेनं डोळा काढायचा, असं होत नाही.

बाळगण्याबद्दल. क्लिपनं उजव्या खिशात अडकवायचा असेल तर बहुतेक चाकू टोक वर करून बसतात. मग तो खिशाच्या मागच्या शिवणीला चिकटून हवा, मिटलेल्या पात्याची पाठ शिवणीकडे. म्हणजे पातं सरकलंच तर शिवण अडवते. खिशाच्या मधोमध तरंगता ठेवलात आणि तो बोटभर उघडला, तर किल्ली काढायला घातलेला हात थेट टोकावर जातो. घेताना परीक्षा करा: गादीसमोर उभं राहून मिटलेला चाकू मनगटानं जोरात झटका. पातं बाहेर डोकावलं तर गोळी कमजोर आहे, तो चाकू खिशासाठी नाही.

क्लिप जीन्सच्या जाड काठावर घट्ट बसते. पातळ सुती पँटवर नाही, लेंग्यावर तर नाहीच. शिवाय धातूची मूठ गाडीच्या रंगाची वैरीण आहे. माझ्या ॲक्टिव्हाच्या सीटखालच्या पत्र्यावर उजवीकडे पाच-सहा ओरखडे आहेत, सगळे माझ्याच क्लिपचे. त्याच खिशात किल्ल्या ठेवल्या तर मूठ आणि किल्ल्या दोघी एकमेकींना ओरबाडतात, मोबाइल ठेवला तर काच गेलीच. आणि जे दुकानदार सांगणार नाही ते सांगतो: बागेत आपण उकिडवे बसतो. पुढच्या खिशातला अकरा सेंटिमीटरचा कडक धातू तेव्हा जांघेत कुठे टोचतो ते एकदा बसून बघा.

म्हणून बागेसाठी पट्ट्यावर कमरेच्या बाजूला आडवी चामड्याची पिशवी शिवून घ्या, झाकणाला बटण असलेली. कोणताही चप्पल-बूट शिवणारा मोजमाप घेऊन करून देतो. पिशवी कामापुरतीच. पावसाळ्यात चामडं ओल धरतं, चाकू त्यातच राहिला तर पिशवीला टेकलेल्या बाजूनं गंज उठतो. घरी आल्यावर बाहेर काढून पुसून ठेवा. आमचे एक काका चाकू करदोड्याला बांधायचे. तो कधी हरवला नाही हे खरं, पण पत्र्याचा हलका चाकू होता म्हणून जमलं.

कायद्याचं सरळ बोलतो. 1959 च्या शस्त्र अधिनियमातल्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू वगळल्या आहेत, आणि शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. तुमचा तीन इंची चाकू त्याच्या पुष्कळ आत बसतो. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, त्यांत चाकूही येतो. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन, मारबत, मिरवणुका, मोर्चे, अशा दिवसांत शहरात तो खिशात नको. बाकी वेळीही काटोलला जाताना छाटणीची कात्री, सुतळी, बोर्डोचा ब्रश असलेल्या पिशवीत ठेवा. कात्री आणि सुतळीशेजारचा चाकू शेतकऱ्याचा दिसतो, तोच रात्री अकराला सीताबर्डीत कमरेला दिसला तर विचारणारा विचारणारच. मेट्रोत नेऊ नका. विमानानं जाताना हातातल्या बॅगेत नाही, चेक-इनच्या सामानात. बटण दाबताच स्प्रिंगनं फटकन उघडणारा तर घेऊच नका, शेतात त्याचा उपयोग शून्य.

तुमचा जुना चाकू टाकू नका. भोक गोल करून ब्राँझचं बुश दाबून बसवता येईल, क्लिपच्या आट्या एक माप मोठ्या पाडून निळ्या थ्रेडलॉकरसह (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदासह) नवे स्क्रू लागतील. चट्टे जाणार नाहीत. मूठ पुन्हा ॲनोडाइझ करायला चाकूच्या किमतीएवढा खर्च येईल. तोवर बिजागरीचा स्क्रू आवळत बसू नका, भोक लांबट आहे तिथे आवळून काही होत नाही, उलट स्क्रूचं चांदणीच्या आकाराचं टी6 डोकं घसरलं की मला तो ड्रिल करूनच काढावा लागतो. आणि आणाल तेव्हा धुऊन-पुसून आणू नका, आहे तसा आणा. कुठे काय साचलंय ते मला बघायचंय.